कारकीर्दविषयक संवाद

कारकीर्दविषयक संवाद म्हणजे नोकरीत असलेल्या व्यक्तीने आपल्या थेट वरिष्ठाशी स्वतःच्या पुढील वाटचालीविषयी ठरवून केलेली चर्चा होय. पुढे कोणते काम करावयाचे आहे, त्या कामाच्या दृष्टीने आज आपण कोठे आहोत, कोणती कौशल्ये कमी पडतात आणि ती मिळविण्यासाठी संस्था काय करू शकते, हे तिचे मुख्य विषय असतात. पगारवाढीची मागणी, तक्रार किंवा वार्षिक मूल्यमापन यांहून ही चर्चा वेगळी मानली जाते. व्यवहारात मात्र या गोष्टींची सरमिसळ होते आणि बहुतेक अडचणी तेथूनच उद्भवतात.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील औद्योगिक पट्ट्यात या संवादाला विशेष महत्त्व आहे. येथे मनुष्यबळ विभाग, छापील अर्ज आणि वार्षिक उद्दिष्टे असलेले मोठे कारखाने आहेत. त्यांना सुटे भाग पुरविणारे, मालकच व्यवस्थापक असलेले असंख्य लहान उद्योगही आहेत. पुणे रस्त्याने सुमारे २३५ किलोमीटरवर आहे. त्यामुळे वरिष्ठाशी न झालेल्या बोलण्याचा शेवट पुष्कळदा राजीनाम्यात होतो, आणि तो राजीनामा हातात पडल्यावरच वरिष्ठाला त्या माणसाची इच्छा प्रथम कळते.

शब्द आणि संकल्पना

‘कारकीर्द’ हा मराठीत रुळलेला फारसी वळणाचा शब्द आहे. जुन्या लेखनात तो प्रामुख्याने राजवटीसाठी किंवा अधिकारपदाच्या काळासाठी येतो. पेशव्यांची कारकीर्द, दिवाणांची कारकीर्द अशी त्याची योजना असे. म्हणजे हा शब्द मुळात मागे वळून पाहणारा आहे. घडून गेलेल्या कामाला कारकीर्द म्हणत. पुढे घडावयाच्या कामाला हा शब्द लावणे ही अलीकडची गोष्ट आहे, आणि बोलण्यात तेथे ‘करिअर’ हाच शब्द चालतो.

भविष्यासाठी मराठीत जो शब्द होता तो ‘उमेदवारी’. उमेद म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे जागा मिळेल या आशेवर काम करीत राहणारा. ‘दोन वर्षे उमेदवारी केली’ हा वाक्प्रचार आजही कारखान्यांत ऐकू येतो. या शब्दात थांबणे आहे, विचारणे नाही. वरिष्ठाकडे जाऊन ‘मला अमुक व्हावयाचे आहे’ असे म्हणणे अनेकांना आजही आगाऊपणाचे वाटते, त्याचे एक कारण या जुन्या अपेक्षेत असावे. जे बोलले जाते ते ‘साहेब, माझं जरा बघा’ एवढेच. त्यावर ‘बघू’ असे उत्तर येते. मराठी कार्यालयीन व्यवहारात ‘बघू’ हा होकारही नसतो आणि नकारही नसतो. तो विषय संपविण्याचा सभ्य मार्ग असतो.

शासकीय सेवेतील परंपरा

महाराष्ट्रातील शासकीय व अनुदानित सेवांमध्ये पुढील वाटचालीचा प्रश्न दीर्घकाळ संवादाऐवजी नियमांनी सोडविला गेला. ज्येष्ठतासूची, विभागीय परीक्षा आणि ठरावीक वर्षांनंतर मिळणारा लाभ ही त्याची तीन साधने. पदोन्नतीची जागा नसल्यामुळे वर्षानुवर्षे एकाच पदावर अडकलेल्या कर्मचाऱ्यांसाठी राज्य शासनाने १९९५ मध्ये कालबद्ध पदोन्नती योजना आणली. पुढे सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेनुसार १२ व २४ वर्षांच्या सेवेनंतर, आणि सातव्या वेतन आयोगानंतर १०, २० व ३० वर्षांनंतर वरच्या वेतनाचा लाभ ठरला. शिक्षकांना १२ वर्षांनंतर वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनंतर, अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी काहींना, निवड श्रेणी मिळते. त्यासाठी प्रशिक्षणाची अट असते. या व्यवस्थेत कोणालाही वरिष्ठाची मनधरणी करावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. तुम्हाला काय करावयाचे आहे, हे तीस वर्षांत एकदाही कोणी विचारत नाही, ही तिची उणीव.

या व्यवस्थेतील वरिष्ठाचे मत गोपनीय अहवालात नोंदले जाई. त्याचे नावच पुरेसे बोलके आहे. प्रतिकूल शेरा असेल तरच तो संबंधिताला कळवावा, अशी रीत होती. खाजगी शाळांना लागू असलेल्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत या बाबतीत एक चांगली तरतूद आहे: अहवाल लिहिला गेला नाही किंवा प्रतिकूल शेरे विहित मुदतीत कळविले गेले नाहीत, तर त्या काळातील काम समाधानकारक होते असे मानले जाते. परंतु शेरा प्रतिकूल नसतानाही तो घातक ठरू शकतो, ही गोष्ट या रीतीत सुटून गेली होती.

ती सर्वोच्च न्यायालयासमोर आली देव दत्त विरुद्ध भारत संघ या प्रकरणात. देव दत्त हे सीमा रस्ते संघटनेच्या अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता पदासाठी सलग पाच वर्षे ‘अति उत्तम’ असा शेरा आवश्यक होता. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ एवढाच शेरा होता. ‘चांगला’ हा शब्द प्रतिकूल नसल्यामुळे तो त्यांना कळविण्यात आला नाही, आणि त्याच एका शब्दामुळे त्यांची पदोन्नती हुकली. १२ मे २००८ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळविला गेलाच पाहिजे आणि त्याविरुद्ध निवेदन करण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. तोपर्यंत देव दत्त निवृत्त झाले होते; शेरा उंचावला गेल्यास पूर्वलक्षी पदोन्नतीचा विचार करावा, असा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. २००९ मध्ये केंद्र शासनाने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखविण्याच्या सूचना काढल्या आणि २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात त्रिसदस्यीय पीठाने हेच तत्त्व कायम केले. निकाल शासकीय सेवेपुरता असला तरी त्यातील मुद्दा खाजगी नोकरीतही तितकाच खरा आहे. आपल्याविषयी वरिष्ठाचे मत काय आहे हे ठाऊक नसताना पुढचा बेत आखणारा मनुष्य अंधारात चालत असतो, आणि ‘काम चांगले आहे’ या शब्दांवर त्याने विसंबू नये, याला देव दत्त यांच्याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

अभ्यास आणि विचार

पीटर ड्रकर यांनी १९५४ च्या ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ या ग्रंथात उद्दिष्टाधिष्ठित व्यवस्थापनाची कल्पना मांडली. उद्दिष्टे वरून लादण्याऐवजी कर्मचाऱ्याने स्वतः ठरवावीत आणि वरिष्ठाने ती तपासावीत, हा तिचा गाभा. १९५८ मध्ये मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मायर यांनी मूल्यमापनाच्या मुलाखतींचे तीन प्रकार सांगितले: वरिष्ठ आपले मत सांगून ते पटवितो तो पहिला, सांगून ऐकून घेतो तो दुसरा आणि दोघे मिळून अडचण सोडवितात तो तिसरा. कारकीर्दविषयक संवाद या तिसऱ्या प्रकारात बसतो.

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत हर्बर्ट मायर, इमॅन्युएल के आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. टीकेने काम सुधारण्याऐवजी माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो, स्तुतीचा परिणाम अल्प असतो, आणि निश्चित उद्दिष्टे दोघांनी मिळून ठरविली तर सुधारणा सर्वाधिक होते, असे त्यांना आढळले. त्यांची सर्वांत उपयुक्त सूचना साधी होती: पगाराचे बोलणे आणि विकासाचे बोलणे एकाच बैठकीत करू नये. समोर पगाराचा आकडा असताना कोणीही आपल्या उणिवा मोकळेपणाने सांगत नाही. या सूचनेला साठ वर्षे होऊन गेली, तरी अनेक कारखान्यांत दोन्ही बोलणी आजही एकाच दुपारी उरकली जातात.

भारतात या विचाराला आकार दिला तो उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील या दोघांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीसाठी मनुष्यबळ विकासाची एकात्म पद्धती तयार केली. झालेल्या कामाचे मूल्यमापन, पुढील पदासाठीच्या क्षमतेचे मूल्यमापन, समुपदेशन, कारकीर्द-नियोजन आणि प्रशिक्षण ही परस्परांशी जोडलेली परंतु वेगवेगळी अंगे आहेत, असे त्यांनी मांडले. उत्तम यंत्रचालक हा उत्तम पर्यवेक्षक होईलच असे नाही, ही शहाणपणाची गोष्ट त्यामुळे कागदावर आली.

छत्रपती संभाजीनगरच्या उद्योगांत

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर शहराच्या रेल्वे स्थानक परिसरात, चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनविणाऱ्यांची मोठी साखळी वाढली. एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक या आज देशाबाहेरही विस्तारलेल्या कंपन्या त्यातूनच आल्या. २००१ मध्ये शेंद्रा येथे स्कोडाने मोटारींची जुळणी सुरू केली. दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेतील शेंद्रा–बिडकीन हे ‘ऑरिक’ नगर हा त्याचा नवा टप्पा. १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि चिकलठाण्याचे इंडो-जर्मन टूल रूम यांमधून मराठवाड्याच्या ग्रामीण भागातील मुले या कारखान्यांत येतात. अनेकांच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी ही पहिलीच पिढी असते. वडिलांनी कधी वरिष्ठाशी बोलणी केलेली नसतात. विचारावे कोणाला, हाच पहिला प्रश्न असतो.

येथे या संवादाची तीन निरनिराळी रूपे दिसतात.

मोठ्या कारखान्यांतील अभियंत्यांसाठी तो संगणकावरील अर्जातून सुरू होतो. प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणून रुजू झालेल्याला कायम केल्यावर दरवर्षी उद्दिष्टे लिहावी लागतात, सहा महिन्यांनी आढावा होतो आणि अर्जाच्या शेवटी आकांक्षांचा एक रकाना असतो. अर्ज इंग्रजीत असतो. ज्याचे शिक्षण दहावीपर्यंत मराठीत झाले, जो यंत्राशेजारी उभा राहून मराठीत आणि हिंदीत विचार करतो, तो या रकान्यात कोठून तरी मिळालेली घोटीव इंग्रजी वाक्ये भरतो. पाच जणांचे रकाने वाचले तर पाचही जणांना ‘नेतृत्वाची भूमिका’ हवी असते. एकालाही साचे बनविण्याच्या विभागात जावयाचे आहे, एकालाही आजारी आईमुळे शहर सोडावयाचे नाही, हे त्यातून कळत नाही. आधी मराठीत चार ओळी लिहून मग त्यांचे इंग्रजी केले तर खरी इच्छा कागदावर येण्याचा संभव अधिक.

कामगारांच्या बाबतीत या संवादाचे रूप भिंतीवर असते. अनेक कारखान्यांत प्रत्येक ओळीजवळ कौशल्य-तक्ता लावलेला असतो, त्याला तेथे ‘स्किल मॅट्रिक्स’ म्हणतात. उभ्या रकान्यात नावे, आडव्या रकान्यात कामे आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचे वर्तुळ. एक भाग भरला तर शिकत आहे, दोन भरले तर देखरेखीखाली करतो, तीन भरले तर स्वतंत्रपणे करतो आणि पूर्ण वर्तुळ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. त्या तक्त्याकडे बोट दाखवून ‘हे अर्धे वर्तुळ पूर्ण व्हायला मला काय करावे लागेल?’ असे विचारणे हाच कामगाराचा कारकीर्दविषयक संवाद; आणि अर्जातल्या रकान्यापेक्षा तो पुष्कळदा अधिक नेमका होतो.

मात्र कामगाराला पर्यवेक्षक व्हावयाचे असेल तर त्याने आणखी एका गोष्टीचा विचार करणे भाग असते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील ‘कामगार’ या संज्ञेतून व्यवस्थापकीय काम करणारे आणि ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक वगळलेले होते. ही मर्यादा २०१० च्या दुरुस्तीने १०,००० रुपये झाली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ती १८,००० रुपये आहे. म्हणजे बढतीबरोबर कामगार कायद्याचे संरक्षण आणि संघटनेच्या वेतनकराराची छाया दोन्ही सुटू शकतात. बढती नाकारणारा जुना कामगार महत्त्वाकांक्षाहीन असतो, असा समज त्यामुळे बरोबर नाही. तो हिशेब करीत असतो. वरिष्ठाने हा हिशेब उघडपणे मांडला तर तेच प्रामाणिक बोलणे ठरेल.

तिसरे रूप लहान उद्योगांतले. तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात मदतनीस, यंत्रचालक, पर्यवेक्षक आणि मालक एवढ्याच पायऱ्या असतात. पर्यवेक्षकाच्या वरची पायरी मालकाच्या मुलासाठी राखलेली असते, हे सर्वांना ठाऊक असते आणि त्यात गैर मानण्याचेही कारण नाही. अशा ठिकाणी पदाविषयी बोलून फारसे निष्पन्न होत नाही. नव्या सीएनसी यंत्रावर शिकण्याची संधी, गिऱ्हाईक कंपनीकडे गुणवत्तेच्या कामासाठी पाठविले जाणे, सायंकाळच्या पदविका वर्गासाठी ठरावीक पाळी, हे मागता येते आणि मिळतेही. काही जणांचे ध्येय स्वतःची दोन यंत्रे मांडण्याचे असते. ते मालकाला सांगावे की नाही, हा वाळूजच्या चहाच्या टपऱ्यांवरचा कायमचा वादविषय आहे. सांगितल्यावर त्याच दिवशी काम गेल्याच्या कथा आहेत, आणि मालकानेच पहिली ऑर्डर दिल्याच्याही.

संवादाची रीत

संवाद थेट वरिष्ठाशीच सुरू करणे इष्ट. त्याला ओलांडून मनुष्यबळ विभागाकडे किंवा कारखाना-प्रमुखाकडे गेल्यास तो विषय तक्रारीचा होतो. वेळ आधी मागून घ्यावी. महिनाअखेर टाळावी, कारण माल रवाना करण्याच्या त्या तीन-चार दिवसांत कोणताही पर्यवेक्षक कोणाचे ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. पाळी बदलण्याची वेळही तशीच. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपत असल्याने बढत्यांची व प्रशिक्षणाची नावे बहुधा त्याआधीच ठरतात. एप्रिलमध्ये निकाल हाती आल्यावर बोलण्यापेक्षा दिवाळीनंतर बोलणे म्हणूनच अधिक उपयोगी पडते.

मागणी जितकी नेमकी तितके तिला ‘बघू’ म्हणणे कठीण जाते. ‘माझं जरा बघा’ याऐवजी ‘दोन वर्षांत मला देखभाल विभागातून टूल डिझाइनकडे जायचे आहे, त्यासाठी मला काय शिकावे लागेल आणि आठवड्यातून एक दिवस तिकडे काम करू द्याल का?’ असे विचारले तर वरिष्ठाला हो, नाही किंवा अमुक झाल्यावर, यांपैकी काहीतरी म्हणावेच लागते. नाही हे उत्तरही माहितीच असते. त्या पुढे विचारावयाचा प्रश्न असा: ‘आज माझे नाव पुढे न पाठविण्याचे कारण काय?’ हा प्रश्न विचारायला धैर्य लागते, ऐकायला त्याहून अधिक. देव दत्त यांना जो शेरा कळला नाही, तो मिळविण्याचा खाजगी नोकरीतील मार्ग हाच आहे.

दुसऱ्या कंपनीचे नियुक्तिपत्र दाखवून बोलणी सुरू करण्याची पद्धत या भागात बरीच रूढ आहे. तिने पगार वाढतो. परंतु त्यानंतर त्या व्यक्तीकडे जाणारा म्हणून पाहिले जाते आणि दीर्घ मुदतीचे प्रशिक्षण तिच्या वाट्याला सहसा येत नाही.

बोलणे संपल्यावर ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी तीन-चार ओळींच्या ई-मेलने वरिष्ठाला कळविण्याची सवय उपयुक्त ठरते. यात अविश्वास नाही. वाहन उद्योगात वरिष्ठांच्या बदल्या वारंवार होतात, आणि नव्या साहेबांना जुन्या साहेबांचा शब्द ठाऊक नसतो.

मर्यादा

या संवादाविषयी लिहिणाऱ्यांचा सूर पुष्कळदा असा असतो की बोलण्याचे कौशल्य आले की मार्ग मोकळा होतो. ते खरे नाही. मधल्या फळीतील वरिष्ठाच्या हाती जागा निर्माण करणे नसते. तो शिफारस करू शकतो, काम वाटून देऊ शकतो आणि खरे सांगू शकतो. चांगला माणूस आपल्या विभागातून जाऊ नये म्हणून त्याची इच्छा दाबून ठेवणारे वरिष्ठही असतात. जात, गाव, भाषा आणि वशिला यांचा प्रभाव छापील अर्जाने संपत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत वेगळी अडचण आढळते. त्यांचे ध्येय त्यांना न विचारता ठरविले जाते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. रजेवरून परतलेल्या अभियंतीला ‘आता धावपळ नको’ म्हणून उत्पादनातून कागदपत्रांच्या कामाकडे वळविले जाते. हे पुष्कळदा सद्भावनेने केलेले असते, आणि म्हणूनच त्याला हरकत घेणे जड जाते. रजेवर जाण्यापूर्वीच परतल्यानंतरच्या कामाविषयी बोलून ते लिहून ठेवणे हा त्यावरील एक व्यावहारिक उपाय आहे.

सर्वांत मोठी मर्यादा अशी की कारखान्याच्या दारातून रोज आत जाणाऱ्यांपैकी अनेकांना असा वरिष्ठच नसतो. कंत्राटी कामगाराचे काम कारखान्याचा पर्यवेक्षक पाहतो आणि पगार ठेकेदार देतो. पुढे काय, हे विचारावे तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. शिकाऊ उमेदवाराला शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ लागू असतो. करारात तसे नमूद केलेले नसेल तर प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीने प्रत्येक आस्थापनेने शिकाऊ उमेदवारांच्या भरतीविषयी आपले धोरण ठरवावे अशी तरतूद केली. हे धोरण काय आहे, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच महिन्यात पर्यवेक्षकाला विचारता येते.